दोन आकड्यांची शेगडी: थर्मामीटर लावून घरी मांस भाजणं आणि धुरावणं

बाहेरून काळी, मधे कोरडी आणि हाडाजवळ गुलाबी. एकाच तंगडीत या तिन्ही गोष्टी दिसल्या की दोष मसाल्याला दिला जातो, कोळशाला दिला जातो, शेवटी कोंबडीलाही दिला जातो. खरी गल्लत वेगळीच असते. शेगडीवर काम करताना दोन तापमानं सांभाळायची असतात: एक शेगडीच्या आतल्या हवेचं, दुसरं मांसाच्या पोटातलं. पहिलं आपण झडपांनी, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या उघडझाप भोकांनी, ठरवतो, दुसऱ्याची फक्त वाट बघतो. बहुतेक जण पहिल्याकडे बघतच नाहीत आणि दुसरं रंगावरून ओळखायला जातात.

आपल्याकडे रंग तर हमखास फसवतो. हळद आणि काश्मिरी मिरची लावलेलं कच्चं चिकनसुद्धा भाजल्यासारखं दिसतं. उलट बाजूने, बाजारातली ब्रॉयलर कोंबडी जेमतेम पाच-सहा आठवड्यांची असते. तिची हाडं पुरती घट्ट झालेली नसतात, त्यातला लाल मगज बाहेर झिरपतो आणि नीट शिजलेलं मांसही हाडाजवळ गुलाबी राहतं. धुरावलेल्या मांसाला कडेने गुलाबी छटा येते, ती धुरातल्या वायूंमुळे. म्हणजे रंगावरून ना कच्चं कळतं, ना पक्कं.

हा लेख दोन पदार्थांभोवती लिहिला आहे: चिकनच्या तंगड्या, ज्या तासाभरात होतात, आणि बोकडाचा पुढचा पाय खांद्यासकट, ज्याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. आधी तंगड्या जमवा, बोकड नंतर. सगळी तापमानं अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

आधी सामान

झाकण असलेली गोल शेगडी हवी, जिला दुकानात केटल ग्रिल म्हणतात. तिला खाली आणि वर अशा दोन्हीकडे झडपा पाहिजेत. उघड्या सिगडीवर कबाब उत्तम होतात, पण हवेचं तापमान धरून ठेवता येत नाही, त्यामुळे या लेखातलं निम्मं काम तिच्यावर होणार नाही. व्यास ४७ सेंटिमीटर असला तर चार माणसांना पुरतो. बोकडाचा खांदा करायचा असेल तर ५७ चा बरा.

थर्मामीटर दोन घ्या. एक टोचून लगेच काढायचा, दोन-चार सेकंदांत आकडा दाखवणारा. दुसरा वायरचा: त्याची सुई आत राहते, डबी बाहेर. दोन सुयांची डबी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण एक सुई जाळीवर हवेसाठी आणि दुसरी मांसात, असं दोन्ही आकड्यांचं काम एकदम होतं. एकच परवडत असेल तर टोचायचा घ्या.

ताप बघायचा थर्मामीटर चालत नाही. हा प्रश्न मला खरोखर विचारला गेला आहे. तो ४२-४३ च्या पुढे जातच नाही. बंदुकीसारखा लाल ठिपका मारणारा थर्मामीटरही इथे कामाचा नाही, तो फक्त पृष्ठभाग मोजतो. आणि शेगडीच्या झाकणावर बसवलेली तबकडी? ती घुमटाच्या टोकाशी असते, मांस जाळीवर असतं. दोन्हींत २०-३० अंशांचा फरक सहज निघतो. तिला शोभेची वस्तू समजा.

बाकीचं: लाकडी कोळसा, कोळसा पेटवायची चिमणी (पत्र्याचं उभं नळकांडं, ज्यात कोळसा भरून खालून पेटवतात), लांब चिमटा, जाड हातमोजे, ॲल्युमिनियमचा एक उथळ ट्रे, फॉइल, आणि एक वही. वहीचं काम पुढे सांगतो.

थांबा. दगडी कोळसा खाण्यासाठी कधीच वापरू नका. चिमणी घरी बनवत असाल तर जस्ताचा मुलामा असलेला चकचकीत पत्रा घेऊ नका, तापल्यावर त्याचा धूर विषारी असतो. काळा पत्रा घ्या. आणि शेगडी उघड्यावरच: गच्ची, अंगण, शेत. काचा लावलेल्या बाल्कनीत किंवा स्वयंपाकघरात खिडकी उघडी ठेवूनही नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे तो साठतोय हे कळत नाही.

टप्पा १: थर्मामीटर खोटं बोलतो का, ते बघा

नवा असला तरी तपासा. उंच पेल्यात बर्फाचा चुरा काठोकाठ भरा, बर्फ बुडेल इतकंच पाणी घाला, ढवळा आणि दोन मिनिटं थांबा. सुईचं टोक मधोमध धरा, पेल्याच्या तळाला किंवा कडेला लावू नका. आकडा ० यायला हवा. एक अंश इकडेतिकडे चालेल. लोक इथे पाणी जास्त आणि बर्फाचे चार खडे घालतात, मग ३-४ येतो आणि ते थर्मामीटरला नावं ठेवतात.

उकळत्या पाण्याची परीक्षा घ्यायची असेल तर आपण कुठे राहतो हे लक्षात ठेवा. मुंबईत किंवा रत्नागिरीत पाणी १०० ला उकळतं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे आकडा ९८ च्या आसपास येतो. महाबळेश्वरला ९५-९६. म्हणून पुण्यात ९८ दाखवणारा थर्मामीटर बरोबर आहे, त्याला दुकानात परत घेऊन जाऊ नका.

एक-दोन अंशांचा पक्का फरक निघाला तर डबीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा: "२ कमी दाखवतो". चार-पाच निघाला तर तो बाद.

तपासा. डबी फॅरनहाइटवर तर नाही ना? बऱ्याच डब्या त्याच ढंगात येतात. १६५ दिसल्यावर घाबरून मांस उतरवू नका, ते सेल्सिअसमधले ७४ आहेत.

टप्पा २: मांस आणायचं कसं, मीठ लावायचं कधी

चिकनच्या दुकानात सांगितलं नाही तर कातडी निघालेलीच असते. "पूर्ण लेग, कातडीसकट, चिरा न मारता" हे वाक्य पाठ करून जा. दुकानदार सवयीने चिरा मारतोच, त्याच्या हाताकडे लक्ष ठेवा. तंदुरीसाठी चिरा ठीक, पण इथे त्यांतून रस वाहून जातो आणि सुई नेमकी चिरेतल्या गरम हवेत घुसून खोटा आकडा देते. सगळ्या तंगड्या साधारण एका मापाच्या घ्या.

बोकडाचा पुढचा पाय अख्खा, खांद्याच्या चपट्या हाडासकट, दीड किलोच्या आसपास. वरची चरबी काढू नका म्हणून बजावा. आपलं बोकड मुळात चरबीला कमी, आहे ती तरी राहू दे.

घरी आणल्यावर चिकन नळाखाली खळखळून धुण्याची आपल्याकडची रीत सोडवत नाही, पण धुतल्याने जंतू मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, घासलेल्या भांड्यांवर पसरतात. कागदी रुमालाने टिपून कोरडं करा. आईला हे पटवण्यात माझी दोन वर्षं गेली.

मग मीठ. किलोला १२ ते १४ ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे दोन सपाट चहाचे चमचे, किंचित वर. तंगड्यांना आदल्या रात्री, खांद्याला शक्य तर २४ तास आधी. जाळीवर ठेवून, खाली ताट देऊन, फ्रिजच्या सगळ्यांत खालच्या फळीवर उघडं ठेवा. खालच्याच, म्हणजे दुधावर आणि सायीच्या भांड्यावर काही ठिबकणार नाही. उघडं ठेवल्याने कातडी कोरडी होते, आणि कोरडी कातडीच कुरकुरीत होते.

मसाला सकाळी: आलं-लसूण, मिरी, धणे-जिरे, थोडी लाल तिखटाची पूड, चमचाभर तेल. दही लावायचं असेल तर अगदी पातळ हात. जाड दह्याचा थर पाणी सोडत राहतो, कातडी वातड होते. आणि कच्ची पपई खांद्याला अजिबात लावू नका. तासाभराच्या कबाबाला ती ठीक आहे. पाच-सहा तासांच्या मंद आचेत ती वरचा अर्धा इंच लगदा करून टाकते आणि आतल्या भागाला तिचा काही उपयोग होत नाही. गूळ, मध, साखर शेवटच्या दहा मिनिटांत.

थांबा. "मांस खोलीच्या तापमानाला येऊ द्या" हा सल्ला जिथून आला तिथे खोली २० अंशांची असते. आपल्याकडे एप्रिलमध्ये ती ३८ ची असते. हवा ३२ च्या वर असेल तर कच्चं मांस बाहेर एकूण एक तासापेक्षा जास्त राहता कामा नये. फ्रिजमधून काढा आणि सरळ जाळीवर ठेवा. थंड मांस धूरही जास्त धरतं.

टप्पा ३: निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या

सगळ्यांत जास्त पोरं इथे चुकतात. कोळसा तळभर पसरतात, वर तंगड्या मांडतात. चरबी गळते, ज्वाळा उठते, पाणी शिंपडतात, राख उडून मांसाला चिकटते. मग जो तो विंझणा घेऊन सल्ले देतो.

तंगड्यांसाठी अशी मांडणी करा:

१. चिमणीत कोळसा भरा. खाली तेलात बुडवलेली कापसाची दोन बोळी ठेवून पेटवा. रॉकेल नको, त्याचा वास मांसापर्यंत पोहोचतो.

२. १५ ते २० मिनिटांत वरचे कोळसे कडेने राखाडी दिसू लागतात. त्याआधी ओतायचे नाहीत. अर्धवट पेटलेला कोळसा घशाला झोंबणारा धूर सोडतो.

३. निखारे शेगडीच्या एका अर्ध्यात ओता. दुसऱ्या अर्ध्यात, जाळीखाली, उथळ ट्रेमध्ये दोन बोटं गरम पाणी. चरबी त्यात पडेल आणि पाण्यामुळे आतलं तापमान कमी हेलकावेल.

४. जाळी ठेवा, झाकण लावा. वरची झडप निखाऱ्यांच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे मांसाच्या डोक्यावर आली पाहिजे. धूर मग मांसावरून वळसा घेऊन बाहेर पडतो.

पावसाळ्यात कोळसा सादळतो, पेटताना फटाफट उडतो. तो झाकणाच्या पिंपात ठेवत जा, पोत्यात नको.

टप्पा ४: पहिला आकडा स्थिर करा

हवेची सुई जाळीच्या पातळीवर, मांस जिथे बसणार त्या बाजूला. मांसाला चिकटून ठेवली तर थंड मांसाशेजारची गार हवा मोजली जाते. तीन-चार बोटं लांब हवी. क्लिप नसेल तर अर्धा बटाटा कापून त्यातून सुई आरपार काढा आणि तो बटाटा जाळीवर ठेवा. टोक मात्र मोकळ्या हवेत.

तंगड्यांना शेगडी १७० ते १८० हवी. खांद्याला ११५ ते १२५.

झडपांचा नियम: वरची निदान अर्धी उघडी, कायम. ती बंद केली की धूर आत कोंडतो आणि मांसावर कडू काजळी बसते. कमी-जास्त करायची ती खालची. आणि प्रत्येक बदलानंतर १० ते १५ मिनिटं हात बांधून बसायचं. हे फार अवघड जातं. माणूस झडप उघडतो, तीन मिनिटांत फरक दिसला नाही म्हणून आणखी उघडतो, मग शेगडी २३० ला जाते आणि ती खाली यायला पाऊण तास घेते. चढवणं सोपं, उतरवणं कठीण. म्हणून हव्या त्या आकड्याच्या १५-२० अंश आधीच झडप आवळायला लागा.

गच्चीवर वारा असेल तर शेगडीची खालची झडप वाऱ्याच्या तोंडाशी येऊ देऊ नका. वाऱ्याची एक झुळूक २०-२५ अंश चढवते.

तपासा. आकडा १५ मिनिटं एका जागी राहिला का? नसेल तर मांस अजून आत घालू नका.

टप्पा ५: तंगड्या

थंड बाजूला, कातडी वर, जाड टोक निखाऱ्यांकडे. झाकण लावा. धूर हवा असेल तर याच वेळी पेरूच्या वाळलेल्या लाकडाचा मुठीएवढा एकच तुकडा निखाऱ्यांवर. चिकन धूर पटकन शोषतं, दोन तुकडे टाकले की औषधासारखं लागतं.

पहिली २५ मिनिटं झाकण उघडायचं नाही. दर उघडण्याने शेगडी ३०-४० अंश पडते आणि परत चढायला सात-आठ मिनिटं घेते. मग एकदा जागा बदला, कडेच्या मधे आणि मधल्या कडेला. साधारण ४० व्या मिनिटापासून टोचायला सुरुवात.

आता आकडा. चिकनसाठी सुरक्षित तापमान ७४. तेवढ्याला जंतू मेलेले असतात, पण तंगडी ७४ ला खाऊन बघा: सांध्याजवळ रबरासारखी, हाडाला धरून बसलेली. तंगडीच्या मांसात जे चिवट तंतू असतात ते त्याच्याही पुढे सैल होतात. तिला ८२ ते ८५ पर्यंत जाऊ द्या. छातीच्या मांसात असे तंतू फारसे नसतात, ते ७४ ला उतरवलं नाही तर भुसा होतं. म्हणून अख्खी कोंबडी चपटी करून भाजताना पाय निखाऱ्यांकडे आणि छाती लांब ठेवायची.

८० झाले की तंगड्या उचलून निखाऱ्यांच्या बाजूला, कातडी खाली, झाकण उघडं, मिनिट-दीड मिनिट. इथून हलायचं नाही, फोन घ्यायचा नाही. कातडी चटचट वाजते, कडा आक्रसतात, आणि वीस सेकंदांत सोनेरीची काळी होते.

टप्पा ६: सुई कुठे टोचायची

लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच.

सुईच्या पोलादात मोजण्याचं काम फक्त टोकाजवळच्या काही मिलिमीटरांत होतं. टोक जिथे, आकडा तिथला. त्यामुळे टोक सगळ्यांत जाड भागाच्या मधोमध पोचलं पाहिजे आणि हाडाला लागता कामा नये. हाडापाशी घेतलेला आकडा मांसाचा नसतो, कधी जास्त असतो, कधी कमी.

तंगडीत: मांडीच्या बाजूने, सांध्यापासून दोन बोटं वर, हाडाला समांतर. वरून सरळ खाली टोचलं की हमखास हाड लागतं. हाताला टणक लागलं तर अर्धा सेंटिमीटर मागे घ्या. चपट्या तुकड्यात, माशाच्या कापात किंवा छातीत, वरून नाही तर कडेने आडवी घाला.

मग एक युक्ती. सुई मध्याच्या थोडी पलीकडे घाला आणि सावकाश मागे ओढत आकड्याकडे बघा. ८६, ८३, ८१, ८२, ८५. यातला सगळ्यांत लहान आकडा, इथे ८१, तो खरा. तोच तुमच्या तंगडीचं केंद्र. प्रत्येक तंगडी टोचा, एकीवरून बाकीच्यांचा अंदाज बांधू नका. निखाऱ्यांजवळची ८५ ला असते तेव्हा कोपऱ्यातली ७१ ला असू शकते.

पाच वर्षांपूर्वी मी हेच केलं नाही. सहा तंगड्यांतली एकच टोचली, ८३ दिसले, सगळ्या ताटात वाढल्या. पुतण्याने पहिला घास तोडला आणि विचारलं, "काका, हे असंच असतं का?" ती कोपऱ्यातली होती. सगळ्या परत जाळीवर गेल्या, आणि पाहुणे वीस मिनिटं काकडी खात बसले.

थांबा. कच्च्या मांसात गेलेली सुई पुसल्याशिवाय शिजलेल्यात घालू नका. दर टोचणीनंतर गरम साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. वायरची सुई पाण्यात बुडवू नका, वायर जिथे पोलादाला मिळते तिथून पाणी शिरतं आणि पुढच्या वेळी ती १४० दाखवते. वायर निखाऱ्यांवरूनही जाऊ देऊ नका.

बाकी मांसांचे आकडे, एका दमात: खिमा आणि सीख कबाब ७१, कारण दळताना बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. चिकनचा खिमा ७४. मासे ६३. डुकराच्या, बोकडाच्या अख्ख्या तुकड्यांना ६३ आणि वर तीन मिनिटं विश्रांती, ही सुरक्षिततेची किमान रेषा.

टप्पा ७: बोकडाचा खांदा

किमान रेषा म्हटलं ते मुद्दाम. बोकडाचा खांदा ६३ ला खाणं सुरक्षित आहे, पण चावून दाखवा. दिवसभर चालणारा, तोलून धरणारा स्नायू आहे तो, चिवट तंतूंनी भरलेला. ते तंतू ७० च्या पुढे हळूहळू विरघळायला लागतात आणि त्यांना नुसतं तापमान नाही, वेळही लागतो. म्हणून आपलं लक्ष्य ९३ ते ९५, आणि तिथे मुंगीच्या पावलाने पोचायचं. कुकरमध्ये मटण गळतं त्यामागचं कारण हेच आहे, फक्त इथे पाण्याऐवजी धूर आहे.

विस्तवाची मांडणी बदलते. साधा कोळसा लहानमोठा असतो, तासाभरात भडकून बसतो. नारळाच्या करवंटीच्या कोळशाच्या एकसारख्या छोट्या विटा मिळतात त्या घ्या. शेगडीच्या कडेने दोन विटा रुंद, दोन विटा उंच अशी रांग लावा, अर्ध्याहून थोडा जास्त वळसा. एका टोकाला आठ-दहा पेटलेल्या विटा ठेवा. उदबत्तीसारखी रांग सरकत जळते. अडीच-तीन किलोत सहा तासांची बेगमी होते. मधे पाण्याचा ट्रे, त्याच्यावर जाळी, जाळीवर खांदा.

लाकडाचे तीन-चार तुकडे रांगेच्या पहिल्या अर्ध्यातच, अंतराअंतराने. पेरू उत्तम, चिंच चालते, बाभूळ उग्र आहे म्हणून एकच तुकडा. आंब्याचं लाकूड चांगलं वाळलेलं, साल काढलेलं असेल तर घ्या, पण चिकाची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी टाळा. चीडच्या लाकडात राळ असते, ते नको. प्लायवूड, रंगवलेलं किंवा पॉलिश केलेलं फर्निचर, पेट्यांच्या फळ्या: काही नाही. कोकणातल्या मंडळींनी काजूची टरफलं टाकू नयेत, त्यांचं तेल कातडी भाजतं, धूरही तितकाच वाईट. कण्हेरीची काडी तर सळी म्हणूनही नको, ती विषारी आहे.

लाकूड भिजवायचं का? नको. भिजवलेलं लाकूड आधी वाफ सोडतं, ती पांढरी दिसते म्हणून आपण खूश होतो. हवा तो धूर पातळ, निळसर, मागची टाकी आरपार दिसेल असा. दाट पांढरा ढग येत असेल तर मांस ठेवू नका. आणि शेवटी निखाऱ्यावर तूप टाकून दिलेली धुरी ही वेगळी चीज आहे. ती या कामाला पर्याय नाही.

वायरची सुई खांद्याच्या जाड भागात, चपट्या हाडापासून दूर. आता वही काढा. माझ्या एका रविवारची नोंद, खांदा १.६ किलो:

१०.४० – शेगडी ११८, मांस ९
११.४० – शेगडी १२१, मांस ४१
१२.४० – शेगडी ११६, मांस ६१
१.१० – शेगडी ११९, मांस ६७
१.५० – शेगडी १२०, मांस ६९
२.१० – शेगडी १२०, मांस ६९

शेवटच्या तीन ओळी बघा. तासाभरात मांस दोन अंश हललं. शेगडी बरोबर, मांस ढिम्म. इथे भलेभले घाबरतात, कोळसा ओततात, झडपा उघडतात, आणि बाहेरचा भाग करपवून बसतात. होतं असं की मांसावरचं पाणी बाष्प होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं त्याच तऱ्हेने खांदा स्वतःला गार ठेवत असतो. ६५ ते ७५ च्या दरम्यान कुठेही हे होतं आणि तास-दोन तास टिकतं.

उपाय आहे. वरचा थर गडद तपकिरी झाला, बोटाने खरवडला तरी निघेना, की खांदा दुहेरी फॉइलमध्ये घट्ट बांधा. आत चार चमचे मटणाचं पाणी आणि थोडं तूप किंवा बोकडाची चरबी. सुई फॉइलमधून परत त्याच जागी. आता बाष्प सुटत नाही, आकडा चालायला लागतो:

२.१५ – बांधला
३.१५ – मांस ८४
४.०० – मांस ९२
४.२० – मांस ९५

९० नंतर आकड्याइतकाच हातही महत्त्वाचा. टोचायचा थर्मामीटर घेऊन तीन-चार ठिकाणी खुपसा. लोण्यात जावा तसा गेला पाहिजे. एका जागी अडखळला तर आकडा ९५ असला तरी अजून पंधरा-वीस मिनिटं. कोवळ्या बोकडाचा ९१ लाच होतो, जून असेल तर ९७ लागतात.

तपासा. पाहुण्यांना वेळ सांगताना दोन तास वरचे धरा. खांदा लवकर झाला तर गरम ठेवता येतो, उशीर झाला तर काही करता येत नाही.

टप्पा ८: विसावा

तंगड्यांना पाच-सात मिनिटं, उघड्या ताटात. झाकल्या की कातडी वाफेने मऊ पडते, सगळी मेहनत पाण्यात.

खांद्याला पाऊण तास ते तास, फॉइलसकट. फॉइलचं तोंड दोन मिनिटं उघडून वाफ जाऊ द्या, परत बांधा, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळा आणि रिकाम्या आइसबॉक्समध्ये ठेवा. सुई आतच राहू दे. असा खांदा दोन तास सहज ७० च्या वर राहतो. ६० च्या खाली घसरायला लागला की वाढून टाका, तिथून खाली जंतूंची सोय सुरू होते.

मोठे तुकडे विस्तवावरून उतरल्यावरही आतून तीन ते पाच अंश चढतात. खांद्याला त्याने फरक पडत नाही. पण चिकनची छाती किंवा डुकराचा जाड काप असेल तर दोन-तीन अंश आधी उतरवा आणि विसाव्यात आकडा पुरा झाल्याची सुईने खात्री करा.

फॉइलमध्ये जमलेला रस फेकलात तर काय म्हणावं. त्यावरची चरबी चमच्याने काढा, रस मांसावर परत घाला. हाड चिमट्याने धरून ओढलं की ते कोरडं, स्वच्छ बाहेर येतं. भाकरीबरोबर कच्चा कांदा आणि लिंबू, दुसरं काही लागत नाही.

उरलेलं मांस आणि राख

उरलं तर तासा-दोन तासांत, उन्हाळ्यात तासाच्या आत, पसरट डब्यात लहान तुकडे करून फ्रिजमध्ये. अख्खा गोळा ठेवला तर मधला भाग रात्रभर कोमट राहतो. दुसऱ्या दिवशी गरम करताना परत ७४ बघा. सुई आहेच हाताशी.

वरच्या-खालच्या झडपा पूर्ण बंद करून शेगडी विझू द्या, उरलेला कोळसा पुढच्या वेळी चालतो. राख दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच काढा, आणि तीही लोखंडी डब्यात. सकाळी गार वाटणाऱ्या राखेखाली एखादा निखारा जिवंत असतो. आमच्या गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या कचराडब्याला अजून मुठीएवढं भोक आहे.